वेग, अंतर, वेळ : "सर, गुणू का भागू?"

पांदणवाट (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो. शिष्यवृत्ती आणि नवोदय, दोन्ही परीक्षांना आमची पोरं बसतात आणि दरवर्षी एकाच ठिकाणी अडतात : वेग, अंतर आणि वेळेची शाब्दिक उदाहरणं. पाढे पाठ आहेत. भागाकार चोख येतो. पण उदाहरण वाचून झालं की पहिला प्रश्न हमखास, "सर, गुणू का भागू?"

असं विचारलं की मी समजून जातो, पोराच्या डोळ्यासमोर रस्ता उभाच राहिला नाही. त्याला फक्त दोन आकडे दिसताहेत.

बहुतेक गाइडांत त्रिकोण दिलेला असतो. वर अंतर, खाली वेग आणि वेळ. जे काढायचं त्यावर बोट ठेवा, उरलेलं मांडा. एकच गाडी आणि एकच रस्ता असेल तोवर हा त्रिकोण चालतो. दोन गाड्या आल्या की कोणाचा वेग धरायचा, कोणतं अंतर धरायचं, हे तो सांगत नाही. म्हणून मी सुरुवातीला तो फळ्यावर काढतच नाही. आधी आडवी रेघ. रेघेवर गाव, तालुका, मधला नाला, फाटा. मग प्रत्येक उदाहरणाला एकच विचारणा : यात सारखं काय आहे? दोघांना लागलेला वेळ सारखा, का कापलेलं अंतर सारखं, का दोघांमधलं अंतर दर तासाला सारखंच कमी होतंय?

वर्गात नुकतंच घेतलेलं उदाहरण देतो.

"कापूस भरलेली बैलगाडी सकाळी ६ वाजता गावातून तालुक्याला निघाली. वेग ताशी ४ कि.मी. मालक ९ वाजता मोटारसायकलनं त्याच रस्त्यानं निघाला. वेग ताशी २४ कि.मी. तालुका १८ कि.मी. दूर आहे. मालक गाडीला वाटेत गाठेल का? किती वाजता?"

९ वाजता गाडी १२ कि.मी.वर पोचलेली असेल, हे सगळ्यांना पटलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "१२ कि.मी. जायला मोटारसायकलला अर्धा तास. साडेनऊला गाठते." सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. मागून एक पोरगा, ज्याच्या घरी बैलजोडी आहे, तो उठला आणि म्हणाला, "तोवर गाडी काय थांबून रायली का?"

मी खडू त्या मुलीच्याच हातात दिला. तिनं रेघेवर खुणा करत हिशोब पुढं नेला. अर्ध्या तासात गाडी २ कि.मी. पुढं गेली. ते २ कि.मी. कापायला मोटारसायकलला ५ मिनिटं. त्या ५ मिनिटांत गाडी आणखी कि.मी.चा तिसरा भाग पुढं. तो कापायला ५० सेकंद. तेवढ्यात गाडी पुन्हा साधारण ५५ मीटर पुढं. ती थांबली आणि म्हणाली, "सर, हे संपतच नाही."

तिला सांगितलं, नुसती घड्याळाची वेळ लिहीत जा. ९:३०, ९:३५, ९ वाजून ३५ मिनिटं ५० सेकंद, मग ५८ सेकंद. वर्गातून चार-पाच जण एकदम ओरडले, "९:३६!" तोपर्यंत कुणालाही रीत सांगितली नव्हती.

मग रीत. एका तासात मोटारसायकल २४ कि.मी. पुढं सरकते, गाडी ४. म्हणजे मधलं अंतर तासाला २० नं कमी होतं. कमी करायचं आहे १२. तर १२ ÷ २० तास, म्हणजे ३६ मिनिटं. गावापासून २४ × ३६ ÷ ६० = १४.४ कि.मी.वर गाठ पडते, तालुक्याच्या अलीकडेच. रीत दोन ओळींची आहे, पण त्या खुणा केल्याशिवाय "२० कुठून आले" हे पोरांना कळत नाही.

तुम्ही कसं शिकवता? पालक असाल तर घरी पोर नेमकं कुठं अडतं तेही लिहा.

---

रानफूल (आर्वी)

सर, बरं झालं धागा काढला. माझा मुलगा पाचवीत आहे. गावात शिकवणी नाही, मीच घेते अभ्यास. काल गाइडमध्ये हे होतं : "एक माणूस ताशी २० कि.मी. वेगानं जातो आणि त्याच रस्त्यानं ताशी ३० कि.मी. वेगानं परत येतो. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?" मुलानं २५ लिहिलं. गाइडमध्ये २४ आहे. तो म्हणतो छपाईची चूक आहे. मलाही २५च वाटतं, पण त्याला ठासून सांगायची हिंमत होत नाही. शिवाय अंतर तर दिलेलंच नाही, मग सोडवायचं कसं?

---

पांदणवाट

ताई, २४ बरोबर आहे. त्याला सांगा, अंतर आपणच धरू. २० नं आणि ३० नं दोन्हींनी भाग जाईल असं घेऊ, ६० कि.मी. जाताना ३ तास, येताना २ तास. एकूण १२० कि.मी., एकूण ५ तास. १२० ÷ ५ = २४.

तो लगेच विचारेल, ६०च का? मग त्याला ३० धरायला लावा. दीड तास आणि एक तास, ६० ÷ २.५ = २४. हवं ते धरू द्या, तीन-चार वेळा करू द्या. दर वेळी २४ आलं की अंतर का दिलं नाही ते त्याचं त्याला कळेल.

आता २५ का येत नाही? येणं-जाणं मिळून ५ तास तो रस्त्यावर होता. त्यातले ३ तास २० च्या वेगात आणि २च तास ३० च्या वेगात. कमी वेगात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी २० कडे कलली. तोच माणूस १ तास २० नं आणि १ तास ३० नं गेला असता तर २ तासांत ५० कि.मी., म्हणजे २५. वर म्हटलं तेच पुन्हा : सारखं काय आहे? वेळ सारखा असेल तर दोन वेगांची बेरीज करून निम्मं करा. अंतर सारखं असेल तर एकूण अंतर भागिले एकूण वेळ, दुसरा रस्ता नाही.

---

पुसदचा_गणितवाला

सर, तुमची कळकळ पटते, पण थोडा विरोध नोंदवतो. मी शिकवणी वर्ग घेतो. शिष्यवृत्तीच्या पेपर एकमध्ये ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातही भाषेचे उतारे वाचायचे असतात. तिथं पोरगं रेघ काढून खुणा करत बसलं तर शेवटचे दहा प्रश्न कोरे राहतील. मी सरळ सूत्र देतो. येण्या-जाण्याच्या सरासरीला २ × २० × ३० ÷ (२० + ३०) = २४, दहा सेकंदात उत्तर. एकाच दिशेला वजाबाकी, समोरासमोर बेरीज. कि.मी./तास ते मीटर/सेकंद, ५/१८ नं गुणा. निकाल येतो. पालकांनाही तोच हवा असतो.

---

पांदणवाट

दादा, ७२ सेकंदांचा मुद्दा खरा आहे आणि तो मी डोळ्याआड करत नाही. आपल्याकडे विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीला आणि ही परीक्षा फेब्रुवारीत. मधल्या सात महिन्यांचा क्रम कसा लावायचा, एवढाच आपला मतभेद आहे. माझी पोरं दिवाळीपर्यंत रेघ काढतात. दिवाळीनंतर रेघ मनात काढायला सांगतो. जानेवारीत सराव पेपर घड्याळ लावून. तेव्हा तुमची सगळी सूत्रं ती वापरतात, पण तोवर ती त्यांना आपली आपणच सापडलेली असतात.

तुमचं २ × २० × ३० ÷ ५० घ्या. उदाहरणात "पहिले २ तास २० नं, पुढचे २ तास ३० नं" असं असेल तर सूत्र पाठ केलेलं पोर तिथंही २४च लिहितं. पर्यायांत २४ आणि २५ दोन्ही शेजारी शेजारी दिलेले असतात, काढणाऱ्यानं ते मुद्दाम दिलेले असतात. रेघ काढलेलं पोर "अंतर सारखं का वेळ सारखा" हे आधी बघतं. त्या बघण्याला पाच सेकंदही लागत नाहीत.

५/१८ बद्दल तर माझा आग्रहच आहे. ताशी १ कि.मी. म्हणजे ३६०० सेकंदांत १००० मीटर. १००० ÷ ३६०० म्हणजेच ५/१८. हे एकदा पोरांनी स्वतः लिहिलं की १८/५ नं गुणायचं का ५/१८ नं, हा गोंधळ राहत नाही. ताशी १८ म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५. एवढी ओळ पाठ झाली तरी परीक्षेतलं बरंच काम भागतं.

---

झुणकाभाकर (मूर्तिजापूर)

सर, मी यष्टीत कंडक्टर व्हतो, आता रिटायर झालो. तुमचं बैलगाडीचं गणित लय आवडलं. नातू हाय घरी, सातवीत. त्याले म्या इचारलं, का बस कोठीच न थांबता चालली तं ताशी ५४ किलोमीटर जाते. थांबे धरून ताशी ४५ पडते. मंग तासाले किती मिनिटं उभी रायते? पोट्टं म्हणे ५४ तून ४५ गेले, ९ मिनिटं. म्या म्हटलं, बाप्पा, ९ हे किलोमीटर हायत, त्याचे मिनिटं काहून केले?

लय वेळ डोकं खाजवलं त्यानं. मंग म्या सांगतलं, एक तास धर. त्या तासात बस ४५ किलोमीटर गेली. ५४ च्या चालीनं ४५ जाले किती वेळ लागते? ४५ भागिले ५४ तास, म्हणजे ५० मिनिटं. तास ६० मिनिटांचा. बाकी १० मिनिटं बस थांब्यावर उभी व्हती. आकड्याच्या मांगं किलोमीटर का मिनिट ते लेहायची सवय लावा पोरायले, अर्ध्या चुका तिथंच जातात.

आमच्याकडची शकुंतला तुमाले मालूम असनच. छोटी लाइन, इकडून यवतमाळले अन् इकडून अचलपूरले. १९९४ परेंत वाफेचं इंजिन व्हतं, मंग डिझेल आलं. तिच्यात थांब्यांचा वेळ चालायच्या वेळाले जड जाये. नातवाले हे गणित म्या शकुंतलेवरूनच समजावलं.

---

पांदणवाट

काका, "९ हे किलोमीटर हायत" हे उद्या फळ्यावर लिहितो. एकक न लिहिणं हे आमच्याकडेही मोठं दुखणं आहे. त्याच्या जोडीला दुसरं म्हणजे १ तास १५ मिनिटांना १.१५ तास लिहिणं. तिथं मी सगळं मिनिटांत उतरवायला लावतो, ७५ मिनिटं, आणि शेवटी ६० नं भागायला.

---

लाल_हिरवा_कंदील (बडनेरा)

रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केली, मालगाड्यांवर बराच काळ. आगगाडीच्या उदाहरणात पोरं अडतात ती गाडीच्या लांबीवर. खांब ओलांडताना फक्त गाडीची लांबी का, आणि फलाट ओलांडताना फलाटाची लांबीही का मिळवायची?

सुट्टीत नातवंडं आली की मी अंगणात त्यांची गाडी करतो. एकमेकांचा सदरा धरून आठ पोरं. अंगणात चपलांची रांग, तो फलाट. पहिलं पोर इंजिन. त्याचं पाऊल पहिल्या चपलेला लागलं की "सुरू" म्हणायचं. शेवटच्या पोरानं शेवटची चप्पल सोडली की "संपलं". मग इंजिन झालेल्या पोराला विचारायचं, तू किती चाललास? ते मागं वळून बघतं. आपण चपलांची पूर्ण रांग चाललो आणि त्यापुढं आपल्या मागच्या सात जणांएवढं अंतर आणखी चाललो, हे त्याला दिसतं. चपला काढून एकच काठी रोवली की फक्त गाडीएवढंच चालणं होतं. यानंतर लांबी मिळवायला कुणी विसरलं असं मी पाहिलं नाही.

आकड्यांत : २४० मीटरची गाडी, ताशी ५४ कि.मी., म्हणजे सेकंदाला १५ मीटर. खांब ओलांडायला २४० ÷ १५ = १६ सेकंद. ३६० मीटरचा फलाट ओलांडायला ६०० ÷ १५ = ४० सेकंद. समोरून दुसरी गाडी आली तर दोन्ही लांब्यांची बेरीज आणि दोन्ही वेगांची बेरीज.

वणी-चंद्रपूरकडून कोळशाच्या गाड्या येतात. त्यांचा एक उघडा डबा सुमारे १०.७ मीटर लांब. ५८ डबे, वर इंजिन आणि शेवटी ब्रेकव्हॅन धरली तर गाडी साधारण ६५० मीटर. फाटक बंद असलं की पोरांना डबे मोजू द्या आणि तुम्ही सेकंद मोजा. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत ५२ सेकंद लागले तर ६५० ÷ ५२ = १२.५ मीटर सेकंदाला, म्हणजे ताशी ४५. फाटकाच्या आत मात्र कुणी पाऊल टाकायचं नाही, हे आधी बजावून.

गाडीत बसलेले असाल तर रुळाच्या कडेला कि.मी.चे आकडे दिसतात. विजेच्या खांबांवरही वर कि.मी. आणि खाली त्या कि.मी.तला खांबाचा क्रमांक असतो. एका कि.मी.पासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद गेले ते मोजा आणि ३६०० ला त्यानं भागा. ४५ सेकंद, तर ताशी ८०. हे पोरांना इतकं आवडतं की वर्धा ते बडनेरा प्रवासभर दुसरं काही मागत नाहीत.

---

वैनगंगेकाठी (पवनी)

होडीची उदाहरणं राहिली म्हणून लिहिते. आमच्या भागात ढिवर समाजाच्या पोरांनी डोंगा वल्हवलेला असतो. प्रवाहाच्या दिशेनं बेरीज आणि विरुद्ध दिशेनं वजाबाकी हे त्यांना सांगावंच लागत नाही, हात सांगतात. अडचण पुढं येते. "स्थिर पाण्यात डोंग्याचा वेग ताशी ६ कि.मी., प्रवाह ताशी २. ८ कि.मी. जाऊन परत यायला किती वेळ?" जवळजवळ सगळी पोरं म्हणतात, जाताना प्रवाहानं मदत केली, येताना तेवढीच अडवणूक केली, फिटंफाट झाली. म्हणून १६ ÷ ६, म्हणजे २ तास ४० मिनिटं.

करून बघा. जाताना ८ ÷ ८ = १ तास. येताना ८ ÷ ४ = २ तास. एकूण ३ तास. २० मिनिटं जास्त. वर रानफूलताईंच्या प्रश्नातलंच कारण आहे. प्रवाहाची मदत १ तासच मिळाली, अडवणूक २ तास झाली. वाहत्या पाण्यात जाऊन-येऊन नेहमी जास्तच वेळ लागतो, प्रवाह कितीही मंद असो. गोसीखुर्द धरणाचं पाणी अडल्यापासून वरच्या बाजूला प्रवाह फारसा जाणवत नाही, तेव्हा एका पोरानं विचारलं, प्रवाह शून्य धरला तर? मग ६ आणि ६, दोन्हीकडे १ तास २० मिनिटं, बरोबर २ तास ४०. आणि प्रवाह ६ चाच असेल तर? परत येणंच नाही. पोरांनी टोकाचे आकडे घालून बघितले की उदाहरण आतून कळतं.

---

मैदानावर (आरमोरी)

सर, मी पोलीस भरतीची तयारी करतोय. आम्हाला १६०० मीटर धावावं लागतं. आमचं मैदान ४०० मीटरचं, म्हणजे ४ फेऱ्या. मी स्वतःला ५ मिनिटं २० सेकंदांचं लक्ष्य दिलंय. ३२० सेकंद, सेकंदाला ५ मीटर, एका फेरीला ८० सेकंद. आमच्यातला एक जण म्हणतो, पहिल्या दोन फेऱ्या सेकंदाला ४ मीटरनं आरामात काढायच्या, शेवटच्या दोन ६ मीटरनं मारायच्या. सरासरी ५ पडते. हा धागा वाचून शंका आली. बरोबर आहे का त्याचं?

---

पांदणवाट

नाही, आणि तुम्हाला शंका आली याचा आनंद वाटला. इथं अंतर सारखं आहे, ८००-८०० मीटर. पहिले ८०० सेकंदाला ४ मीटरनं, म्हणजे २०० सेकंद संपले. उरले १२०. त्यात ८०० मीटर, म्हणजे सेकंदाला ६.६७ मीटर, ताशी २४ कि.मी. फेरी ६० सेकंदांत. ६ मीटरनं धावलात तर शेवटच्या ८०० ला १३३ सेकंद लागतील आणि तुम्ही १३ सेकंद मागं राहाल.

आणखी ताणून बघा. पहिल्या दोन फेऱ्या सेकंदाला २.५ मीटरनं काढल्या तर ८०० ÷ २.५ = ३२० सेकंद तिथंच गेले. आता वाऱ्याच्या वेगानं धावलात तरी लक्ष्य गाठता येत नाही, कारण शिल्लक वेळ शून्य आहे. हातावरच्या घड्याळात फेरीला ८० सेकंद लावा आणि तीच चाल धरा. शुभेच्छा!

---

कारंजेकर

भरतीवाल्या भावाचा प्रश्न वाचून समृद्धी महामार्ग आठवला, आमच्या कारंज्याजवळूनच जातो. नागपूर ते शिर्डी हा ५२० कि.मी.चा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. ताशी १०० नं गेलात तर ५ तास १२ मिनिटं. १२० नं ४ तास २० मिनिटं. वाचली ५२ मिनिटं. १५० नं गेलात असं नुसतं कागदावर धरा, ३ तास २८ मिनिटं. पुन्हा ५२च मिनिटं वाचली, पण आधी २० वाढवून जेवढं मिळालं तेवढ्यासाठी या वेळी ३० वाढवावे लागले. वेग जितका वाढत जातो तितकं प्रत्येक वाढीमागं हाती कमी लागतं.

कारला तिथं मर्यादा १२० आहे. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटरपेक्षा जास्त. डुलकीचे दोन सेकंद म्हणजे ६६ मीटर गाडी कुणाच्याच ताब्यात नाही. पोरांना ५/१८ शिकवताना हे उदाहरण जरूर द्या, घरी जाऊन ती बापाला सांगतात.

---

श्रेढी (अमरावती)

महाविद्यालयात गणित शिकवत होतो. सर्वांचे प्रतिसाद वाचले, एक जुनं उदाहरण जोडतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) श्रेढीच्या, म्हणजे ठरावीक फरकानं वाढत जाणाऱ्या संख्यांच्या, प्रकरणात आहे. एक राजा शत्रूचे हत्ती पकडायला निघाला. पहिल्या दिवशी २ योजनं (योजन हे अंतराचं जुनं माप) चालला. मग रोज ठरावीक वाढ करत ७ दिवसांत ८० योजनं कापून शत्रूच्या नगरीत पोचला. तर रोजची वाढ किती?

सूत्र बाजूला ठेवा. ७ दिवसांत ८०, म्हणजे दिवसाला सरासरी ८०/७ योजनं. वाढ रोज सारखी, म्हणून मधल्या म्हणजे चौथ्या दिवशी तो बरोबर सरासरीएवढा चालला. पहिल्या दिवसापासून चौथ्यापर्यंत तीन वाढी झाल्या. ८०/७ वजा २ म्हणजे ६६/७. त्याचा तिसरा हिस्सा २२/७ योजनं. हीच रोजची वाढ.

इथं पहिला आणि शेवटचा दिवस मिळवून निम्मे केले तरी सरासरी बरोबर येते (२ आणि १४६/७, निम्मे ८०/७), कारण प्रत्येक चाल एकेका दिवसाची आहे, वेळ सारखा. रानफूलताईंच्या मुलानं २५ काढताना जी रीत लावली तीच ही. तिथं अंतर सारखं होतं म्हणून चालली नाही, इथं चालते. दोन्ही उदाहरणं त्याला शेजारी शेजारी लिहून द्या.

---

पुसदचा_गणितवाला

श्रेढीसर, मधल्या दिवसाची युक्ती फार सुंदर. उद्याच घेतो वर्गात. पांदणवाट सर, माझं सूत्रांवरचं मत अजून तसंच आहे, पण सरासरीचं प्रकरण या वेळी ६० कि.मी. धरून सुरू करीन. बरं, एक उदाहरण टाकतो, रेघेवर करून दाखवा. "मुलगा घरून शाळेत ताशी ४ कि.मी. वेगानं चालत गेला तर १० मिनिटं उशिरा पोचतो. ताशी ५ कि.मी. वेगानं गेला तर ५ मिनिटं आधी. शाळा किती दूर?" पाचवीच्या पोराला क्ष येत नाही. क्ष न धरता.

---

रानफूल

हे उदाहरण मी मुलाला दिलं. रेघ काढली त्यानं, घर आणि शाळा. मग बराच वेळ गप्प. मग रेघेचे बारके तुकडे केले आणि एकेका तुकड्याला १ कि.मी. म्हणाला. ताशी ४ म्हणजे एका कि.मी.ला १५ मिनिटं. ताशी ५ म्हणजे १२ मिनिटं. दर कि.मी.ला ३ मिनिटं वाचतात. एकूण किती वाचली? १० उशिरापासून ५ आधीपर्यंत, १५ मिनिटं. १५ ÷ ३ = ५ कि.मी. मला स्वतःला "१५ का, ५ का नाही" हे त्यानं घड्याळाचे काटे फिरवून दाखवलं.

आता त्याचाच प्रश्न आहे, मला सांगता येईना. बरोबर वेळेवर पोचायचं असेल तर किती वेगानं जायचं? तो म्हणतो ४ आणि ५ च्या मधलं ४.५ नसणार, पण किती ते येत नाही.

---

पांदणवाट

४.५ नसणार हे त्यानं ओळखलं, शाबास त्याची! त्याचेच तुकडे वापरू. ताशी ४ नं ५ कि.मी.ला ७५ मिनिटं लागली आणि १० मिनिटं उशीर झाला. म्हणजे वेळेवर पोचायला ६५ मिनिटं. ६५ ÷ ५, एका कि.मी.ला १३ मिनिटं. ६० मिनिटांत किती कि.मी.? ६० ÷ १३, म्हणजे ताशी ४ पूर्णांक ८/१३ कि.मी., साधारण ४.६.

त्याला पडताळा घ्यायला सांगा. ताशी ४.५ नं गेला असता तर ५ ÷ ४.५ तास, म्हणजे ६६ मिनिटं ४० सेकंद. शाळेत १ मिनिट ४० सेकंद उशीर.